आधी पुसा, मग लिहा

कीबोर्डवर उजव्या हाताच्या अनामिकेखाली पूर्णविरामाचं बटण असतं. शिफ्ट धरून तेच बटण दाबलं की > हे चिन्ह उमटतं. शाळेत आपण त्याला 'पेक्षा मोठे' म्हणायचो आणि त्याचं उघडं तोंड मोठ्या आकड्याकडे आहे ना, एवढंच बघायचो. युनिक्सच्या जगात मात्र या चिन्हाला वेगळं काम आहे. टर्मिनलच्या काळ्या खिडकीत तुम्ही एखादी कमांड दिलीत की तिचं उत्तर पडद्यावर येतं. त्या कमांडपुढे > आणि एखाद्या फाइलचं नाव लिहिलंत, की तेच उत्तर पडद्यावर न येता त्या फाइलमध्ये जातं. चिन्ह दिसतंही आडव्या नरसाळ्यासारखं. डावीकडून ओतायचं, उजवीकडच्या बाटलीत भरायचं.

बाटली नसेल तर ती तयार होते. बाटली असेल आणि भरलेली असेल, तर आतलं सगळं ओतून दिलं जातं. 'इथे आधीच काहीतरी आहे, तरी लिहू का?' असं कोणी विचारत नाही. आपल्या फोनला आपण किती लाडावून ठेवलंय ते इथे कळतं. एक हललेला, धूसर फोटो काढून टाकायचा म्हटलं तरी फोन 'नक्की ना?' म्हणतो, आणि काढल्यावरही तो कित्येक दिवस कचरापेटीत सांभाळून ठेवतो. टर्मिनलमध्ये एन्टर दाबलं की पुढची ओळ येते आणि कर्सर लुकलुकत राहतो. काहीच बोलला नाही म्हणजे काम झालं, अशी तिथली रीत आहे.

इंजिनिअरिंगला ऑपरेटिंग सिस्टिमच्या प्रॅक्टिकलमध्ये हे सगळं एका वाक्यात उरकतात. एका > ने फाइल ओव्हरराइट होते, दोन >> ने मजकूर शेवटी जोडला जातो. आम्ही ते जर्नलमध्ये उतरवलं, व्हायवाला विचारलं, उत्तर दिलं, मार्क मिळाले. पण त्या वाक्यात एक गोष्ट सांगायची राहून जाते, आणि खरी गोम तिथेच आहे. ती म्हणजे कामांचा क्रम.

समजा, 'नावं' नावाच्या एका फाइलमध्ये शंभर नावं आहेत आणि तुम्हाला ती अकारविल्हे लावायची आहेत. सॉर्ट नावाची कमांड ते करते. मग साध्या बुद्धीला जे सुचेल ते तुम्ही लिहिता:

सॉर्ट नावं > नावं

म्हणजे, 'नावं' वाच, क्रमाने लाव आणि परत 'नावं'मध्येच ठेव. वाक्य म्हणून यात काही वावगं नाही. आपण घरी असंच बोलतो. कपाट आवर आणि कपडे परत कपाटातच ठेव. पण ही ओळ चालवली की 'नावं' फाइल रिकामी होते. शून्य बाइट. शंभरातलं एकही नाव उरत नाही.

कारण आपण लिहिलेली ओळ सॉर्टच्या हातात थेट जातच नाही. आधी ती शेल वाचतो. शेल म्हणजे आपल्या ओळी वाचून प्रोग्रामांना कामाला लावणारा मुकादम. त्याला ओळीत > दिसतं. तो म्हणतो, उत्तर या फाइलमध्ये जायचंय ना, मग आधी जागा करून ठेवू. तो 'नावं' फाइल लिहिण्यासाठी उघडतो आणि उघडतानाच रिकामी करतो. एवढं झाल्यावर तो सॉर्टला हाक मारतो. सॉर्ट येतो, इमानदारीत 'नावं' वाचायला घेतो, त्याला आत काहीच सापडत नाही, तो 'काहीच नाही' अगदी बिनचूक क्रमाने लावतो आणि निघून जातो. कोणीही आपलं काम चुकवलेलं नाही. दह्याचं ताक करायला सांगितलं, आणि ताकासाठी भांडं हवं म्हणून कोणीतरी आधी ते दह्याचंच पातेलं घासून पालथं घातलं, तसा हा प्रकार.

याहून विचित्र म्हणजे, कमांडचं नाव टाइप करताना तुमच्याकडून एक अक्षर जास्त पडलं, तर शेल सांगतो की अशी कमांडच नाही. म्हणजे काम सुरूसुद्धा झालेलं नसतं. पण > च्या पुढची फाइल तोवर रिकामी झालेली असते.

*

माझ्या ऑफिसात, पुण्यात, दोन वर्षांपूर्वी हे घडलं. मी ज्या टीममध्ये होते तिच्या शेजारच्या टीमचं काम घरपोच येणाऱ्या पार्सलांच्या पत्त्यांचं होतं. आपल्याकडचे पत्ते कसे असतात हे वेगळं सांगायला नको. 'मारुती मंदिरामागे, पिवळं गेट, वडगाव.' आता वडगाव म्हणजे वडगाव शेरी, वडगाव बुद्रुक की वडगाव मावळ? प्रोग्रामला हे कळत नाही. म्हणून ऑपरेशन्समधल्या दोन बायका रोज गिऱ्हाइकांना फोन करून पत्ते नीट करून घ्यायच्या. दोघी कंत्राटावर होत्या. दिवसाला किती फोन झाले यावर त्यांचं काम मोजलं जायचं.

त्यांच्यासाठी कोणीतरी एक जुगाडू पान बनवून दिलं होतं. त्यात दुरुस्त पत्ता भरला की सर्व्हरवरच्या एका साध्या टेक्स्ट फाइलच्या शेवटी एक ओळ जोडली जायची. तात्पुरती सोय म्हणून केलेलं ते पान कायमचं झालं. फाइलचं नाव 'पत्ते'. सव्वा महिन्यात तिच्यात अकराशेच्या आसपास ओळी जमल्या होत्या. आणि ती तात्पुरत्या सोयीतली असल्यामुळे रोज रात्री ज्या फोल्डरांचा बॅकअप होतो, त्यांत तिचं फोल्डर नव्हतं.

एका संध्याकाळी रिपोर्टमध्ये काही पत्ते दोनदा आले. टीममध्ये नवीनच लागलेल्या मुलाला सांगितलं गेलं, डुप्लिकेट काढून टाक. पहिली नोकरी, प्रोबेशनचा चौथा महिना. त्याने सॉर्ट वापरायचं ठरवलं, जे बरोबरच होतं. सॉर्टला जास्तीच्या सारख्या ओळी गाळता येतात. आणि त्याने लिहिलं:

सॉर्ट -यू पत्ते > पत्ते

अर्ध्या तासाने मला बोलावणं आलं, कारण लिनक्सच्या पोटात हात घालायची मला खोड आहे हे मजल्यावर सगळ्यांना माहीत होतं. तो खुर्चीत बसून त्या एका ओळीकडे बघत होता. "ताई, मी डिलीट नाही केलं काही," तो म्हणाला. "मी फक्त सॉर्ट केलं."

तो खरंच बोलत होता. डिलीट केलं असतं तर कदाचित बरं झालं असतं. युनिक्समध्ये फाइल डिलीट होते तेव्हा पुसलं जातं ते फाइलचं नाव. एखाद्या चालू प्रोग्रामने ती फाइल उघडून ठेवलेली असेल, तर आतला मजकूर तो प्रोग्राम बंद होईपर्यंत डिस्कवर जिवंत असतो आणि वाट वाकडी करून तो परत मिळवता येतो. रिकामी केलेल्या फाइलचं उलट आहे. नाव जागेवर, परवानग्या जागेवर, मालक तोच. बाहेरून सगळं ठीकठाक, आत मजकूर नाही, आणि तो ज्या जागेवर होता ती जागा तत्काळ 'मोकळी आहे, वापरा' म्हणून जाहीर झालेली.

मी सर्व्हरवर नवं काही लिहिलं जाऊ नये म्हणून शक्य तेवढ्या गोष्टी थांबवायला लावल्या आणि डिस्क कच्च्या स्वरूपात वाचून त्यात गावांची नावं शोधत बसले. कच्चा डेटा म्हणजे उकिरडाच असतो. कुठले तरी लॉग, कुठल्या तरी चित्रांचे तुकडे, आणि मध्येच माणसाची भाषा. 'गिरणीच्या वरचा मजला.' 'फोन केल्यावर मुलगा खाली येईल.' 'आजी एकट्याच असतात, बेल दोनदा वाजवा.' चार तासांत दोनशेच्या आसपास ओळी हाती लागल्या. बाकीच्यांवर तोवर दुसरं काहीतरी लिहून झालं होतं.

उरलेल्या नऊशे घरी त्या दोघींनी पुन्हा फोन केले. मी एकदा त्यांच्या शेजारी बसले होते. पलीकडून आवाज आला, "अहो, परवाच तर सगळं सांगितलं तुम्हाला." ताई म्हणाल्या, "हो दादा, सांगितलं होतंत. परत एकदा सांगता का?" कारण दिलं नाही. कारण सांगण्यासारखं नव्हतंच.

मग बैठक झाली आणि अहवाल आला. बिघाडाचं मूळ कारण: मानवी चूक. परिणाम: अकराशे ओळींचा डेटा गेला, ग्राहकांना त्रास नाही. उपाय: संबंधित कर्मचाऱ्याला समज. संपलं. त्या दोघींचा अहवालात उल्लेखच नव्हता. नऊशे फोन हे 'जुनंच काम' म्हणून त्या महिन्याच्या मोजणीत धरले गेले नव्हते.

*

'मानवी चूक' हे शब्द मला तेव्हापासून खुपतात. ते खोटे नाहीत, पण ते ज्या माणसापाशी थांबतात तो साखळीतला शेवटचा माणूस असतो. साखळीच्या पहिल्या टोकाला कोण होतं हे बघायचं तर बरंच मागे जावं लागतं.

१९६९. अमेरिकेत न्यू जर्सीतल्या मरे हिल इथल्या बेल लॅब्जने मल्टिक्स नावाच्या एका अवाढव्य प्रकल्पातून अंग काढून घेतलं होतं. त्या उन्हाळ्यात केन थॉम्पसन यांनी पीडीपी-७ नावाच्या, तेव्हाही जुन्याच झालेल्या मशीनवर युनिक्सची पहिली मांडणी केली. सोबत डेनिस रिची होते. रिची यांनी पुढे युनिक्सच्या वाटचालीवर लेख लिहिला, त्यात > चा उगम सांगितला आहे. हे चिन्ह अगदी पहिल्या दिवसापासून नव्हतं, पण लवकरच आलं. उत्तर दुसरीकडे वळवण्याची कल्पना मूळची मल्टिक्सची. तिथे त्यासाठी आधी एक कमांड द्यायची, मग मूळ काम करायचं, मग पुन्हा पूर्ववत करायला आणखी एक कमांड द्यायची. युनिक्समध्ये हे सगळं एका अक्षरावर आलं.

हे अक्षर वाचवणं तेव्हा चैन नव्हती. समोर पडदा नव्हता, टेलिटाइप होता. म्हणजे टंकलेखन यंत्रासारखा, कागदावर खडखड छापणारा. त्या काळातलं मॉडेल ३३ हे यंत्र सेकंदाला १० अक्षरं छापायचं. 'ही फाइल आधीच आहे, तिच्यावर लिहू का?' एवढा प्रश्न छापायलाच तीनेक सेकंद गेले असते. दिवसात शंभर वेळा. शिवाय वापरणारे मोजके लोक. ज्याने फाइल लिहिली तो दोन दारं सोडून बसलेला, ज्याने शेल लिहिला तो त्याच्या पलीकडे. तिथे 'तू म्हणतोस म्हणजे तुला माहीतच असणार' हे गृहीत धरणं उद्धटपणाचं नव्हतं, आदराचं होतं. ज्याला आपण निष्काळजी रचना म्हणतो, ती त्या खोलीत विश्वासाची होती.

मग खोली मोठी झाली. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली शाखेत युनिक्स विद्यार्थ्यांच्या हातात आलं. तिथे बिल जॉय यांनी १९७०च्या दशकाच्या शेवटी सी शेल लिहिला आणि त्यात एक नवं बटण दिलं: नोक्लॉबर. क्लॉबर म्हणजे बदडणं. नोक्लॉबर म्हणजे, थोडक्यात, 'बदडू नकोस'. ते चालू केलं की आधी असलेल्या फाइलवर > वापरता येत नाही. शेल नकार देतो. मुद्दामच पुसायचं असेल तर > च्या पुढे उद्गारचिन्ह टाकून सांगायचं. पुढे कॉर्न शेलने आणि पॉझिक्सच्या प्रमाणांनी हीच सोय घेतली, फक्त उद्गारचिन्हाच्या जागी उभी रेघ आली. आज लिनक्सच्या बहुतेक सर्व्हरांवर असणाऱ्या बॅशमध्येही ती आहे.

आहे, पण बंद आहे. तुम्ही स्वतः चालू केल्याशिवाय ती चालू होत नाही. म्हणजे जवळपास पन्नास वर्षं ढाल भिंतीवर टांगलेली आहे आणि ती तिथे आहे हे ज्यांना माहीत असतं त्यांना तिची गरज कमी असते. प्रोबेशनच्या चौथ्या महिन्यात असलेल्या मुलाला ती कोणी दाखवली नव्हती.

*

हे सगळं मी घरी फोनवर आईला सांगत होते. टर्मिनल, शेल, यातलं तिला काही सांगून उपयोग नव्हता, म्हणून मी म्हटलं, लिहायच्या आधी पुसलं जातं आणि पुसताना कोणी विचारत नाही. आई म्हणाली, "म्हणजे आजीच्या कॅसेटसारखं."

आमच्या आजीच्या जात्यावरच्या ओव्या आत्याने एका सुट्टीत टेप करून ठेवल्या होत्या. मी तेव्हा तीन-चार वर्षांची. पुढे आत्याच्या मिस्टरांनी त्याच कॅसेटवर रेडिओवरची गाणी भरली. मुद्दाम नव्हे. कव्हरवर काही लिहिलेलं नव्हतं, घरात कॅसेटी पंधरा-वीस, त्यातली एक हाताला लागली. आजी पुढच्या वर्षी गेल्या. ए बाजूला आता गाणी आहेत. बी बाजूच्या शेवटी थोडा तुकडा उरला आहे, त्यात एक ओवी अर्धी, आणि मग आजी विचारतात, "झालं का गं? बंद कर आता."

आईने म्हटलं म्हणून मी टेपरेकॉर्डर कसा चालतो ते शोधलं, आणि थक्क झाले. रेकॉर्डिंग करताना फीत आधी पुसणाऱ्या हेडवरून जाते आणि मग लिहिणाऱ्या हेडवर येते. म्हणजे नवा आवाज येवो न येवो, जुना आधी जातो. माइक बंद ठेवून रेकॉर्डचं बटण दाबलं तर कॅसेटवर शांतता भरली जाते. अगदी त्या अस्तित्वात नसलेल्या कमांडसारखं.

आणि कॅसेटलाही नोक्लॉबर होता! कॅसेटच्या मागच्या कडेला प्लास्टिकच्या दोन छोट्या पट्ट्या असायच्या, एकेका बाजूसाठी एकेक. पट्टी मोडली की त्या बाजूवर रेकॉर्डचं बटण खालीच जायचं नाही. पुन्हा भरायचं ठरलं तर त्या खाचेवर चिकटपट्टी लावायची. दुकानातून गाण्यांची विकत आणलेली कॅसेट पट्ट्या मोडूनच यायची. कोरी कॅसेट मात्र पट्ट्यांसकट. म्हणजे ज्या गाण्यांच्या हजारो प्रती बाजारात होत्या ती जन्मतः सुरक्षित, आणि आजींचा आवाज, ज्याची प्रत जगात दुसरी नव्हती, तो उघड्यावर. कोणीतरी आठवणीने पट्टी मोडायला हवी होती. आत्याला ते माहीत नव्हतं.

हे फक्त आमच्या घरात घडलं असंही नाही. ज्या १९६९च्या उन्हाळ्यात थॉम्पसन युनिक्स लिहीत होते, त्याच उन्हाळ्यात अपोलो ११ चंद्रावर उतरलं. चंद्रावरून आलेलं चित्रीकरण मूळ स्वरूपात ज्या टेपांवर साठवलं होतं, त्या नासाने पुढे शोधायला घेतल्या. २००९ साली निष्कर्ष जाहीर झाला: टेपांचा तुटवडा असताना बहुधा त्या पुसून पुन्हा वापरल्या गेल्या. आपण बघतो ते चित्र टीव्हीवर प्रक्षेपित झालेल्या, उतरत्या दर्जाच्या प्रतींवरून आलेलं आहे. तिथेही कोणी शत्रू नव्हता. कोऱ्या टेपा हव्या होत्या आणि कपाटात जुन्या पडल्या होत्या.

*

आता उलट बाजूही सांगायला हवी, नाहीतर > ला मी खलनायक करून ठेवेन. पुसून लिहिणं वाईट नाही. पाटीवर आपण तेच शिकलो. आजचा रिपोर्ट कालच्या रिपोर्टवर लिहिला गेला तर उत्तमच. कालचा कोणाला हवाय? मी स्वतः > चा उपयोग आठवड्यातून एकदा तरी निव्वळ रिकामं करण्यासाठी करते. एखाद्या चालू प्रोग्रामची लॉग फाइल फुगत जाऊन डिस्क भरते. तेव्हा ती डिलीट करून भागत नाही, कारण प्रोग्रामने ती उघडी धरलेली असते आणि वर म्हटलं तसं नाव गेलं तरी जागा सुटत नाही. अशा वेळी > पुढे लॉगचं नाव लिहून एन्टर. फाइल तीच, आत शून्य, जागा मोकळी. ज्या गुणामुळे 'पत्ते' गेले, तोच गुण इथे सर्व्हर वाचवतो.

म्हणजे प्रश्न चिन्हाचा नाही. प्रश्न असा, की फाइली दोन जातीच्या असतात. एक, पुन्हा तयार होणाऱ्या. रिपोर्ट, लॉग, प्रोग्रामने बनवलेल्या याद्या. त्या गेल्या तर मशीन पुन्हा बनवतं, मशीनला कंटाळा नसतो. दुसऱ्या, कोणाच्या तरी हाताने, कानाने, वेळ देऊन भरलेल्या. शेलला या दोन्ही सारख्याच दिसतात, कारण डिस्कवर दोन्ही नुसत्या बाइट असतात. 'बेल दोनदा वाजवा' आणि 'त्रुटी क्रमांक ४०४' यांच्यात त्याच्या लेखी फरक नाही. फरक फक्त ज्याने भरलं त्याला माहीत असतो. आणि बहुतेक वेळा भरणारे एका मजल्यावर असतात, कमांड देणारे दुसऱ्या.

त्या मुलाला 'पत्ते' ही फाइल बघून वाटलं की प्रोग्रामने बनवली असेल. पाहणाऱ्या कोणालाही तसंच वाटलं असतं.

अहवाल तसाच राहिला नाही, एवढं सांगितलं पाहिजे. आमच्या एक सीनियर आर्किटेक्ट मॅडम आहेत, बोलायला कमी. त्यांनी तो वाचला आणि एकच प्रश्न विचारला: "याच्या जागी दुसरा कोणी असता तर शेलने त्याला थांबवलं असतं का?" मग 'मूळ कारण'च्या रकान्यात तीन गोष्टी वाढल्या. हाताने भरलेली फाइल बॅकअपमध्ये नव्हती. सर्व्हरवर नोक्लॉबर बंद होतं. आणि नव्या माणसाला कोणत्या फाइली कोणाच्या, हे सांगायची पद्धत नव्हती. 'परिणाम'मध्ये नऊशे फोन आले. त्या दोघींच्या मोजणीत ते धरले गेले, पण अर्धेच. बाकीच्यांना म्हणे आधीच्या महिन्यात मोबदला दिला होता. त्या मुलाचं प्रोबेशन पूर्ण झालं. मात्र पुढचे कित्येक महिने तो एन्टर दाबण्याआधी हात मांडीवर ठेवून ओळ वाचायचा. त्याची ती भीती कुठल्याच रकान्यात बसली नाही.

आता तो इतरांना शिकवतो. सॉर्टला आपलं उत्तर त्याच फाइलमध्ये ठेवायचं असेल तर -ओ हा पर्याय द्या; तसं केलं की सॉर्ट आधी सगळं वाचून घेतो आणि मगच लिहायला फाइल उघडतो. बाकी कमांडांसाठी उत्तर आधी दुसऱ्या, नव्या फाइलमध्ये घ्या, डोळ्यांनी बघा, काम नीट झालं असेल तरच तिचं नाव बदलून जुनीच्या जागी ठेवा. नाव बदलणं एका फटक्यात होतं. त्या जागी एकतर जुनी पूर्ण फाइल असते नाहीतर नवी पूर्ण, अर्धवट अवस्था नसते. आणि आपल्या शेलच्या सुरुवातीच्या फाइलमध्ये नोक्लॉबरची एक ओळ टाकून ठेवा. तो हे सांगताना 'माझ्याकडून झालं होतं' असं सरळ सांगतो. मुलं हसतात, पण ओळ टाकतात.

'पत्ते' फाइल आता बॅकअपमध्ये आहे. प्रोग्रामने बनवलेल्या फाइलींच्या डोक्यावर एक ओळ असते: ही आपोआप तयार झाली आहे, हाताने बदलू नका. मी सुचवलं की आपण हिच्या डोक्यावर उलटं लिहू. त्या दोघींपैकी थोरल्या ताईंना मी हे समजावून सांगितलं, तर त्यांनी विचारलं, "पण परत कोणी क्रमाने लावली तर ती ओळ तिथेच राहील का?" मी गप्प झाले. सॉर्टने ती ओळ उचलून 'हडपसर'च्या आसपास कुठेतरी नेऊन ठेवली असती.

मग त्याच म्हणाल्या, "आम्ही उपासाच्या साबुदाण्याच्या डब्यावरच लिहितो, 'उपासाचं'. म्हणजे कोणी खरकटा चमचा घालत नाही. आत चिठ्ठी टाकून काय उपयोग?"

तेव्हापासून त्या फाइलचं नाव 'हाताने-भरलेले-पत्ते' असं आहे. लांबलचक नाव आहे, टाइप करायला कंटाळा येतो. टॅब दाबला की शेल ते स्वतःच पूर्ण करतो. पण एन्टर दाबायच्या आधी ते पूर्ण नाव त्याच ओळीत, > च्या शेजारी, डोळ्यांसमोर असतं.